डब्यांच्या खोलीतला सर्व्हर

प्रिय बारक्या,

तुझी मेल पोचली. पाच मुद्दे, प्रत्येकावर ठळक अक्षरांत मथळा, आणि शेवटी ‘निर्णय स्पष्ट आहे’ असं वाक्य. वाचून मला हसूच आलं. आईनं आज भाजी कुठली करू असं विचारलं तरी पाटीवर दोन रकाने आखून बसणारा मुलगा तू, तुझ्याकडून वेगळं काही येईल अशी अपेक्षाच नव्हती. मेलला मेलनं उत्तर द्यायचं सोडून हिनं कागद-पेन का काढलं, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर हे बोलता येणार नव्हतं, का ते पुढे कळेलच. आणि मेल तू वरची ओळ आणि खालची ओळ वाचून मिटतोस, हे काय मला ठाऊक नाही? तेव्हा हे पत्र तरी नीट बसून वाच, मधलं काही गाळू नकोस. तुझ्या ताईचं अक्षर अजून वाचण्यासारखं आहे.

आधी कामाचं. शर्टवाल्या कंपनीला आपला स्टॉक त्यांच्या ऑफिसात बसून, त्या क्षणाचा, बघायचा आहे. कुठलं बटण, कुठल्या मापाचं, किती भोकांचं, कुठल्या रंगाचं, किती शिल्लक आहे ते. नाहीतर पुढच्या हंगामाची ऑर्डर दुसरीकडे जाईल, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलंय. तू बसवून दिलेला सर्व्हर आता म्हातारा झाला, त्याच्याकडून हे होणार नाही. म्हणजे एकतर त्याच खोलीत नवा सर्व्हर आणायचा आणि सगळं नव्यानं लिहून घ्यायचं, नाहीतर क्लाउड घ्यायचं, दर महिन्याला भाडं भरायचं आणि आपला सगळा संसार दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवायचा. महिनाअखेर सांगायचं आहे. तू म्हणतोस क्लाउड. बाबा म्हणतात मुळीच नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलत नाही, त्यामुळे दोघांचं ऐकायला नेहमीप्रमाणे मी.

क्लाउडवाल्या कंपनीची मुलगी येऊन गेली. चुणचुणीत होती, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं की आमच्याकडे बटणांना पॉलिश करणारे पिंप दिवसभर फिरत असतात आणि त्यांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं. बिचारीचा घसा दोन तासांत बसला. बाबांनी तिला समोर बसवून असे प्रश्न विचारले की मी बघतच राहिले. इंटरनेट गेलं तर? तुमची कंपनी बंद पडली तर? भाडं वाढवलंत आणि आम्हाला परवडलं नाही, तर आमची माहिती आम्हाला परत कशी मिळणार, आणि ती आम्हाला वाचता येईल अशी मिळणार का? हे शेवटचं तर मलाही सुचलं नव्हतं. ती म्हणाली, काका, तुमचा डेटा आमच्याकडे जास्त सुरक्षित राहील, चोरी होणार नाही. बाबा म्हणाले, “मुली, बटण कोणी चोरत नाही. बटण हरवतं.” ती हसली, पण ते हसत नव्हते.

मग रंगांवरून गाडी अडली. तुला आठवतं ना, बाबांच्या रंगांची नावं? ‘दुसऱ्या कपातला चहा’. ‘ताप उतरल्यावरचा गुलाबी’. ‘मामाच्या कोटाचा तपकिरी, पण कोट जुना झाल्यावरचा’. आपल्याकडे प्रत्येकाला आकडाही आहे, पण तपासणीच्या टेबलावरच्या मावशींना आकडा सांगितला तर त्या तोंडाकडे बघतात आणि नाव सांगितलं की हात न बघता डब्यात जातो. क्लाउडवालीच्या प्रोग्राममध्ये रंगासाठी मोजून काही अक्षरं आहेत, तेवढ्यात मामाचा कोटही मावत नाही. ती म्हणाली, बाकीचं शेऱ्याच्या रकान्यात लिहा. “माझे रंग शेऱ्यात?” असं म्हणून बाबा उठून पिंपांकडे निघून गेले. मी तिची समजूत काढत होते, आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तू लिहिलेल्या प्रोग्राममध्ये त्या रकान्याला मर्यादाच नाही. कितीही लांब नाव लिहा, ते घेतं. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, एवढी जागा कशाला रे ठेवलीस? तू म्हणाला होतास, लागेल. इतक्या वर्षांनी मला कळलं की ती जागा तू कोणासाठी ठेवली होतीस.

मलाही हा निर्णय तुझ्याइतका स्पष्ट दिसत नव्हता, हे खरं सांगते. समोरचा रस्ता खणताना इंटरनेटची वायर तुटली होती तेव्हा शेजारचा छापखाना दिवसभर हात बांधून बसला होता, आणि आपलं काम धडाक्यात चालू होतं, कारण आपलं सगळं आपल्याच छपराखाली. तेव्हा बाबा दारात उभे राहून छापखानेवाल्याला जरा जास्तच वेळ हात करत होते. पण ते छप्पर पावसात गळतं, हेही खरं. रोज संध्याकाळी बॅकअपची डिस्क पर्समध्ये टाकून मी घरी नेते, किल्ल्या आणि रुमालाच्या मधे. कुठे लग्नाला जायचं म्हटलं तरी ती डिस्क घेऊन जावं लागतं. तुझे भाऊजी मला म्हणतात, तू नवऱ्याला एकवेळ विसरशील, त्या डबीला नाही. त्यात थट्टा किती आणि तक्रार किती, ते मी विचारत नाही.

तुझा सर्व्हर ज्या दिवशी चालू झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. तू नोकरीसाठी बाहेर जायचं ठरवलं होतंस आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. बाबांनी वाट बघितली होती ती तू पिंपांचा ताबा घेशील म्हणून, आणि तू मात्र रोज सकाळी त्या डब्यांच्या खोलीत जाऊन बसायचास. आधी तिथे रसायनाचे डबे असायचे, तो उग्र वास अजूनही भिंतीतून गेलेला नाही. तू खोली धुतलीस, रंगवलीस, वायरी ओढल्यास, दारावर पाटी लावलीस: चपला बाहेर काढा, धूळ नको. जाण्याच्या आदल्या दिवशी तू सगळ्यांना बोलावून दाखवलंस की आता शिल्लक मोजायला गुदामात उतरायला नको. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, “जाताना घरच्यांच्या हातावर काहीतरी ठेवून जायची पद्धत आहेच.” तुझा चेहरा पडला तो मी बघितला. तूही मग मनाला लागेल असं काहीतरी बोललास, दोघांचा राग एकाच नाकावरचा, आणि त्यानंतर तू त्या कारखान्याचा उंबरा ओलांडला नाहीस. येतोस तेव्हा माझ्याकडे उतरतोस, आणि नेमका त्याच दिवशी बाबांना मालाची तातडी असते.

पण बारक्या, त्या खोलीत त्या दिवसापासून चपला घालून कोणी गेलेलं नाही. बाबासुद्धा. कारखान्याचा मालक स्वतःच्या कारखान्यात मोजे घालून फिरतो, हे बघून नवीन माणसं गोंधळतात.

आणि आता आपले ते फोन. सर्व्हर बंद पडला की बाबा बाहेर येऊन हाक मारणार, “पडलं गं तुझ्या भावाचं यंत्र!” चालू असतं तेव्हा ते आपलं यंत्र असतं, बंद पडलं की तुझ्या भावाचं. मी मोजे सावरत आत जाणार, तुला फोन लावणार, स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवणार. तू म्हणणार, बाबांना सांग मागची निळी वायर नीट बसली आहे का बघायला. बाबा तिथेच, फोनपासून हातभर अंतरावर. ते वायर बघणार आणि मला सांगणार, “सांग त्याला, बसली आहे.” तू ऐकलेलं असतंस, तरी मी सांगायचं. “विचार त्याला, पंख्याचा आवाज जरा जास्त येतोय का ते त्याला कळतंय का.” मी विचारायचं. “बाबांना सांग, दहापर्यंत मोजून मग बटण दाबा.” आणि बाबा मोठ्यानं दहापर्यंत मोजणार, शाळेतल्या मुलासारखे, एकही आकडा न गाळता. एकदा तर ते बोलून गेले, “विचार त्याला, जेवला का,” आणि लगेच सावरून म्हणाले, “म्हणजे, एवढ्यात त्याला वेळ आहे का ते विचार.” तू पलीकडून म्हणालास, “सांग, जेवलो.” मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते, आणि मला वाटायचं, हे दोघं मला वेडी करणार.

आता मागच्या महिन्यातलं ऐक, ज्या दिवशी सर्व्हरची डिस्क गेली त्या दिवशीचं. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. शर्टवाल्यांचा माल निघायचा होता. खोके भरून दाराशी लावले होते, ट्रक उभा होता, फक्त खोक्यांवरच्या चिठ्ठ्या छापायच्या बाकी होत्या. जेवणं आटोपली होती. मी चिठ्ठ्यांचा कागद घेऊन डब्यांच्या खोलीकडे गेले तर दार पुढे ओढलेलं. तू दाराला काचेची पट्टी बसवली होतीस, त्यातून आत दिसतं. बाबा स्टुलावर बसले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग ते उठले, सर्व्हरच्या डोक्यावरून हात फिरवला, घामेजलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि खाली वाकून यूपीएसचं बटण बंद केलं. पंखा थांबला. ते पुन्हा स्टुलावर बसले, मोजे वर ओढले, थोडं थांबले, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, “पडलं गं तुझ्या भावाचं यंत्र!”

मी काचेबाहेरच उभी होते. चपला काढल्या आणि मोजे सावरत आत गेले.

पुढचं तू ऐकलेलंच आहेस. तू बैठकीत होतास, फोन उशिरा उचललास. तू सांगितलंस, बाबांनी दहापर्यंत मोजलं, बटण दाबलं, आणि या वेळी यंत्र सुरू झालं नाही. आतून नुसतं टकटक वाजत राहिलं. तू विचारलंस आवाज कसला, मी फोन जवळ धरला, आणि तू म्हणालास की डिस्क गेली. मग तू माझ्यावर जे खापर फोडलंस! इतक्या वेळा धाडकन बंद पडल्यावर ती जाणारच होती, वीज नीट नाही, महागातला यूपीएस आणूनही नीट जोडला नाहीस, मी सांगतो ते तू एका कानानं ऐकतेस. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. बाबा स्टुलावर खाली मान घालून बसले होते, आपल्याच पावलांकडे बघत. तू बोलायचा थांबलास तेव्हा ते म्हणाले, “सांग त्याला, तिची चूक नाही.” मला ते सांगायची गरज पडली नाही. तू म्हणालास, “मग कोणाची?” नुसता बाहेरच्या पिंपांचा आवाज येत राहिला. मग तू “बरं” म्हणालास आणि फोन ठेवलास. त्या ‘बरं’मध्ये तुला काय उमगलं ते मला माहीत नाही, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

चिठ्ठ्या आम्ही हातानं लिहिल्या, मावशीही लिहायला बसल्या, ट्रक संध्याकाळी गेला. माझ्या पर्समधल्या डिस्कवर आदल्या दिवसापर्यंतचं सगळं होतं, ते दुरुस्तीवाल्यानं नव्या डिस्कवर चढवून दिलं, त्या दिवसाचं आम्ही पुन्हा बसून भरलं. नुकसान म्हणशील तर मोठं झालं नाही. पण माझ्या डोक्यात मागचं एकेक जागेवर बसत गेलं. तुला कावीळ झाली होती तेव्हा तुझा सर्व्हर एकदाही पडला नव्हता. तू म्हणालासही, बघ, माझ्या आजारपणात किती शहाण्यासारखा वागतोय. मी बाबांना रोज तुझी तब्येत सांगत होते, ते ‘हं’ एवढंच म्हणायचे. आणि तू पुन्हा कामावर गेलास त्याच दिवशी यंत्र पडलं, आणि बाबांनी पहिलं काय विचारायला लावलं? “विचार त्याला, आवाज असा खोल का गेलाय.” तुझ्या सांगण्यावरून मी महागातला यूपीएस आणला, तेव्हा काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग त्यांना यूपीएसचं बटण सापडलं. आणि पडायचं ते नेमकं तुझ्या जेवणाच्या सुट्टीत! तुझी सुट्टी कधी असते हे मी त्यांना कधी सांगितलं, ते मलाच आठवत नाही.

मला आधी राग आला. मालाची वेळ, शर्टवाले, ट्रक, आणि हे वय झालेलं माणूस काय खेळ मांडून बसलंय! चार शब्द सुनवायचे म्हणून मी घरी गेलेही. कारखान्यामागच्या त्या घरात, आई गेल्यापासून ते एकटेच, पंख्याखाली बसून बटणं निवडत होते, निवडायची गरज नसलेली. मी एवढंच म्हटलं, बाबा, आता क्लाउड घ्यावं लागेल. त्यांनी आणखी दोन-तीन बटणं निवडली. मग म्हणाले, “ते बिघडलं तर फोन कोणाला लावायचा?” मी सांगितलं, कंपनीचा नंबर आहे, केव्हाही लावा, तिथलं कोणीही मदत करतं. ते म्हणाले, “कोणीही?” आणि हातातलं बटण डब्यात टाकायचं राहून गेलं. बारक्या, मी आत जाऊन उगाच गॅस चालू आहे का ते बघून आले.

आता ठरलंय ते सांगते. क्लाउड घ्यायचं. तुझे पाचही मुद्दे बरोबर आहेत, म्हणून नाही. शर्टवाले म्हणतात म्हणून तर आहेच, पण खरं कारण हे की त्या जुन्या यंत्रावर आणखी किती दिवस दोन माणसांचं बोलणं टांगून ठेवायचं? नवं आणलं तर तेही पडेल, पुन्हा मी मोजे सावरत आत जाईन, पुन्हा निळी वायर. रंगांसाठी मी क्लाउडवालीशी भांडले, शेवटी तिनं नावाचा वेगळा लांब रकाना करून द्यायचं कबूल केलं आहे. मामाचा कोट अख्खा मावतो, मी लिहून बघितला.

राहिलं ते जुन्या सर्व्हरचं. त्यावरची माहिती तिकडे न्यायची आणि तो कायमचा बंद करायचा. क्लाउडवाली म्हणाली, हे सगळं आम्ही लांबून करतो, कोणी यायची गरज नाही. बाबांना मी वेगळं सांगितलंय. मी म्हटलं, ज्यानं तो उभा केला त्यालाच तो बंद करता येतो, दुसऱ्या कोणी हात लावला तर सगळं पुसलं जाईल. धडधडीत थाप आहे, आणि इतकी वर्षं तुझ्या सूचना पाळलेल्या बाबांना ती थाप आहे हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी ती मानली. काल त्यांनी ती खोली स्वतः पुसून घेतली. तिथे एकच स्टूल होतं, आता दोन आहेत. आणि मला त्यांनी विचारलं, “कधी येतोय?” ‘विचार त्याला’ म्हणाले नाहीत. तेव्हा पत्र मिळालं म्हणून फोन करू नकोस, आमचा स्पीकर चालूच असतो. ये. महिनाअखेरच्या आत, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, थेट कारखान्यात ये. पाटी तुझीच आहे, तेव्हा चपला बाहेर काढ. कुठलं बटण आधी दाबायचं ते बाबांना तू सांग, ते दहापर्यंत मोजतील. मी त्या दिवशी त्या खोलीत नसेन, पिंपांपाशी असेन, आणि तिथे कोणाची हाक ऐकू येत नाही. ‘विचार त्याला’ म्हणायला मी त्यांना सापडणार नाही, आणि ‘बाबांना सांग’ म्हणायला तुलाही नाही.

तुम्हा दोघांच्या मधून एकदाची बाजूला होणारी,
तुझीच,
ताई